घरट्यांचा आकडा पुरेसा नाही

चित्रबलाकांच्या वसाहतींच्या नोंदी आमच्याकडे येतात तेव्हा त्यांत बहुधा एकच आकडा असतो: घरटी किती. भादलवाडी तलावातल्या बाभळी असोत की इंदापुरातल्या चिंचा, घरटी लांबूनही मोजता येतात, म्हणून तेवढीच मोजली जातात. त्या आकड्यावरून आपण वसाहत सुस्थितीत असल्याचं ठरवतो. हे घातक आहे. घरटं बांधलं म्हणजे वीण साधली असं नव्हे, आणि अंडी घातली म्हणजेही नव्हे.

जपानमधल्या तोयोओकाने याची जबर किंमत मोजली. तिथले पौर्वात्य करकोचे झपाट्याने घटत होते, म्हणून १९६५ मध्ये एक जोडी पकडून पिंजऱ्यात प्रजननाचा प्रयत्न सुरू झाला. माद्या अंडी घालत होत्या, पण पिलू काही जगेना. मेलेल्या पक्ष्यांच्या शरीरात पारा सापडला. तो आला होता भातशेतीवरच्या औषधांतून. उरलेले पक्षी मोजके आणि एकमेकांच्या नात्यातले, हीही अडचण होतीच. १९७१ मध्ये देशातला मूळचा शेवटचा रानपक्षी गेला. पुढे १९८५ मध्ये रशियातल्या खाबारोव्स्कहून सहा तरुण पक्षी आले आणि १९८९ मध्ये त्यांतल्या जोडीची पिलं जगली. म्हणजे जवळजवळ पाव शतक अंड्यांची नोंद होत राहिली आणि हाती काही लागलं नाही.

तरीही तिथल्या लोकांनी पक्षी घाईने सोडले नाहीत. आधी शेतकऱ्यांशी बोलून औषधं कमी केली, हिवाळ्यातही खाचरांत पाणी ठेवलं, बेडूक आणि मासे परत येऊ दिले. २००५ मध्ये पहिले पक्षी मोकळे केले. २००७ मध्ये रानातल्या घरट्यातून पिलू उडालं. माझ्या मते त्या सगळ्या कामाचा कणा ही खाचरंच आहेत, पिंजरे नव्हेत.

आपल्या चित्रबलाकांची वीणही अशीच चाऱ्यावर अवलंबून आहे. मादी दोन ते पाच अंडी घालते, पण सगळी अंडी होण्याआधीच उबवणं सुरू होतं, त्यामुळे पिलं पुढेमागे बाहेर येतात. पाण्यात मासे भरपूर असतील तर धाकटं पिलूही वाढतं. पाणी आटलं की थोरलं आधी खातं आणि धाकटं उपाशी मरतं. घरट्यांच्या संख्येत हा फरक दिसतच नाही.

म्हणून विनंती अशी: येत्या हंगामात वसाहतीतली काही घरटी निवडा, त्यांना क्रमांक द्या आणि पिलं उडेपर्यंत दर आठवड्याला दुर्बिणीतून त्यांतली पिलं मोजा. झाडावर चढू नका. माणूस जवळ गेला की मोठे पक्षी उठतात आणि उघडी पडलेली अंडी कावळे फोडतात. सोबत तलावातली पाण्याची पातळी आणि पक्षी चाऱ्याला कुठे जातात तेही लिहा. अशा नोंदींना आमच्या अंकांत जागा राखून ठेवली आहे, आणि एकही पिलू न उडालेल्या घरट्याची नोंदही आम्हाला तितकीच हवी आहे.