धोंडू काय वाईट होता?

पुतण्याला मुलगा झाला. नाव ठरलं 'आरव'. अर्थ काय, असं मी विचारलं. (ही माझी जुनी खोड. चारचौघांत ती दाखवू नये, असं हिचं मत आहे.) पुतण्यानं मोबाइलवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "शांत, काका. एकदम पीसफुल."

मी संस्कृत कोश काढला. आरव म्हणजे आवाज, ओरडा, कल्ला! बारशाला पाळण्यातल्या चिरंजीवांनी जो सूर लावला, त्यावरून कोशकार बरोबर होते म्हणायचे.

शेजारी एक रेयांश आहे. कुणी म्हणतं किरणाचा अंश, कुणी म्हणतं विष्णूचा. इंग्रजी 'रे'शी संस्कृत 'अंशा'चं लग्न लावलं ते लावलं, वर विष्णूला कशाला साक्षीला बोलावता?

माझं भांडण नव्या नावांशी नाही. विहान म्हणजे पहाट. झकास नाव आहे. परक्या नावांचंही मला वावडं नाही. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिरावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं सांगतात. नवस केला, तो फळला, नाव ठेवलं. पण अर्थ असा रेडिमेड सदऱ्यासारखा आणून बाळाच्या अंगात घालायचा, हे काय?

मी आजोबांचं नाव सुचवलं तेव्हा सूनबाई हसली. "काका, धोंडू?"

हो, धोंडू! माझ्या वडिलांच्या आधीची दोन भावंडं गेली होती. आजीनं तिसऱ्याचं नाव धोंडू ठेवलं. यमाला वाटावं, हा दगड नेऊन काय करायचाय! कुणी भिकू ठेवी, कुणी केरू, तर कुणी नाक टोचून नथू. नटवण्यासाठी नव्हे, लपवण्यासाठी नाव ठेवत त्या बाया. पुढे त्या दगडांचं काय झालं ते बघा. धोंडो केशव कर्व्यांना 1958 साली भारतरत्न मिळालं, वयाच्या शंभराव्या वर्षी.

आता लसी आहेत, दवाखाने आहेत. यमाला फसवायची वेळ येत नाही, हे उत्तमच. धोंडू ठेवू नका, बाबांनो. पण हसू तरी नका.

एवढं सगळं मी बारशाला बोललो. पुतण्या पेढ्यांचं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. आरव रडतच होता. शेवटी आमच्या थोरल्या वहिनींनी त्याला उचललं, खांद्यावर टाकलं आणि थोपटत म्हणाल्या, "गप रे, गप माझ्या धोंड्या!"