बोलेरो मॅक्स की योद्धा?

पिकअप कोणती घ्यावी, असं बरेच जण विचारतात. महिंद्रा बोलेरो मॅक्स आणि टाटा योद्धा, दोन्हींत २ टनी डिझेल मॉडेल आहे. म्हणजे कांद्याच्या ५० किलोच्या ४० गोण्या. ६० भरल्या तर पाटे तुटतात, वर ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपयांपासून पुढे.

माझं मत: नावावरून वाद नको. जिचं वर्कशॉप आपल्या तालुक्याला आहे, ती घ्या. ऐन तोड्यात गाडी दोन दिवस उभी राहिली तर टोमॅटो थांबत नाही.

आणि हप्ता बारा महिने असतो, माल चारच महिने. आधी वर्षाच्या फेऱ्या वहीत मांडा. कमी भरल्या तर भाड्याचीच गाडी बरी.

– आपला कृषी सल्लागार