मासा विकू नका, दिवस विका!

या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय बघून बऱ्याच जणांच्या कपाळावर आठी येईल. धाराशिव जिल्ह्यात बसून समुद्रातल्या मासेमारीवर बोलतोय हा माणूस! आपल्याकडे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे वांधे, आणि ह्याला खारं पाणी सुचतंय. पण शेवटपर्यंत वाचा. बुकिंग घेऊन धंदा करणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे मंडपवाल्याला, फोटोग्राफरला, गाडी भाड्याने देणाऱ्याला, आचाऱ्याला आणि कृषी पर्यटन काढू बघणाऱ्याला यात कामाची गोष्ट आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडचे सेवा देणारे छोटे धंदे कामात कमी पडत नाहीत, ते बुकिंगमध्ये मार खातात. आणि बुकिंग शिकायचं असेल तर उथळ खाऱ्या पाण्यात मासेमारीला नेणाऱ्या गाईडइतका चांगला मास्तर दुसरा नाही.

हा धंदा आहे तरी काय?

बहामाज, बेलीझ, अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा दक्षिण टोकाचा भाग, इथं समुद्रकिनाऱ्यालगत मैलोनमैल उथळ पाणी आहे. कुठं घोट्याएवढं, कुठं गुडघ्याएवढं. भरती चढायला लागली की खेकडे, कोळंबी खायला मासे या उथळ भागात येतात. बोनफिश नावाचा मासा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. तो खाण्यासाठी कुणी फारसा धरत नाही, कारण त्यात काटेच काटे. तो धरायचा, बघायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. बेलीझमध्ये तर २००९ पासून बोनफिश आणि आणखी दोन जातींचे मासे सोडून देणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

आता हिशोब बघा. गिऱ्हाईक विमानाने येतं, दिवसाचे पैसे भरतं आणि संध्याकाळी हातात काहीही न घेता परत जातं. तरी खूश! बहामाजमध्ये २०१० साली झालेल्या अभ्यासात या एका प्रकारच्या मासेमारीतून देशाला वर्षाला सुमारे १४ कोटी १० लाख डॉलरची उलाढाल मिळते, असा अंदाज निघाला होता. सोडून दिलेल्या माशावर!

मग गाईड नेमकं विकतो काय? छोट्या होडीच्या मागच्या बाजूला एक उंच फळी असते, तिच्यावर तो उभा राहतो. इंजिनाच्या आवाजाने मासा पळतो, म्हणून लांब काठीने होडी ढकलतो. पाण्यातली सावली त्याला दिसते, आपल्याला दिसत नाही. घड्याळाच्या काट्यासारखी दिशा सांगतो, "अकरा वाजता, चाळीस फुटांवर." तेवढ्यात गिऱ्हाइकाने गळ टाकायचा. बसला तर बसला. म्हणजे विकायला त्याच्याकडे तीनच गोष्टी आहेत: त्याचा दिवस, त्याची नजर आणि पाण्याची माहिती. मासा त्याच्या मालकीचा नाहीच, मग तो विकणार कसा?

शिल्लक दिवस गोदामात ठेवता येत नाही

दुकानदार म्हणून सांगतो. माझ्या दुकानातला माल आज खपला नाही तर उद्या खपतो. फार तर थोडा डिस्काउंट द्यावा लागतो. गाईडचा वाया गेलेला रविवार मात्र सोमवारी विकता येत नाही. लग्नाची तिथी गेली की मंडपवाल्याचा तो दिवस गेला. फोटोग्राफरचं तेच, टेम्पो ट्रॅव्हलरवाल्याचं तेच.

समजा एका होडीवाल्याचा दिवसाचा दर ६,००० रुपये आहे. महिन्यात चार वेळा गिऱ्हाइकाने "येतो" म्हणून सांगितलं आणि आलंच नाही, तर २४,००० रुपये गेले. शिवाय त्या चार दिवसांसाठी दुसऱ्यांना "बोट बुक आहे" म्हणून नाही सांगितलं, ते वेगळंच. सोबतच्या पोराची मजुरी, आणलेलं आमिष, भरलेलं डिझेल, हे खिशातून.

म्हणून तिकडचा गाईड ॲडव्हान्स आल्याशिवाय वहीत नाव लिहीत नाही. गिऱ्हाइकालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

आणि आपल्याकडे? "काय ओ, आपल्याच माणसाकडं ॲडव्हान्स मागायचा का?" ही लाज. मला हे पटत नाही. ॲडव्हान्स मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, हा आपल्या डोक्यातला गैरसमज आहे. ॲडव्हान्स घेताना तुम्हीही शब्द देत असता की आता जास्त पैसे देणारा दुसरा आला तरी हा दिवस तुमचाच. ज्याच्याकडून ॲडव्हान्स घेतला नाही, त्याला ऐनवेळी टांग देणारे मंडपवाले, आचारी तुम्हीही पाहिले असतील. शब्द दोन्ही बाजूंनी कच्चा राहतो.

आपल्या कोकणात बघा

बहामाज लांब राहिलं. आपल्यापासून चारशे किलोमीटरच्या वर मालवण, तारकर्ली, देवबाग आहे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथं होडीतून पर्यटकांना फिरवणारे आहेत आणि गळाने मासे धरायला, त्यांच्या भाषेत गरवायला, नेणारेही आहेत. आपल्याकडची पोरं ग्रुप करून रात्रभर गाडी चालवत जातात आणि सकाळी फोन लावतात, "दादा, दहा वाजता निघू ना?"

इथंच चुकतं. दहा वाजता निघायचं की नाही, हे गिऱ्हाइकाच्या झोपेवर ठरत नाही, ते भरती-ओहोटीवर ठरतं. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढं सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाण्याचा चढउतार मोठा. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. तिथी तर आपल्या घरातल्या कॅलेंडरवरही असते!

माझं म्हणणं असं की हीच माहिती होडीवाल्याने विकावी. "कधी येताय?" असं विचारण्याऐवजी "शनिवारी दुपारी बाराला निघालो तर चढत्या पाण्यात तीन तास मिळतील" असं सांगावं. ज्या क्षणी तुम्ही वेळ सुचवता, त्या क्षणी गिऱ्हाइकाला कळतं की ह्या माणसाला धंद्यातलं कळतं. मग दरावरून घासाघीस आपोआप कमी होते.

सीझनचंही तसंच. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत पर्यटकांच्या होड्या आणि जलक्रीडा साधारण बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. म्हणजे बारा महिन्यांचा खर्च नऊ महिन्यांत काढायचा. त्या नऊ महिन्यांतला एकेक दिवस किती महाग आहे, याचा हिशोब ज्याने केला, त्याला ॲडव्हान्स मागायची लाज वाटणार नाही.

बुकिंगचा मेसेज कसा असावा

फोनवर गोड बोलणं झालं की लगेच व्हॉट्सॲपवर एक मेसेज गेला पाहिजे. नमुना देतो. आकडे माझे, तुम्ही तुमचे टाका.

*"नमस्कार. शनिवारची बोट तुमच्यासाठी ठेवतो. भरती दुपारी ३ च्या सुमारास. १२ वाजता जेट्टीवरून निघू, ४ वाजता परत. बोटीचा दर ६,००० रुपये, ४ माणसांपर्यंत. त्यात गळ, आमिष, लाइफ जॅकेट, पिण्याचं पाणी. जेवण वेगळं. ॲडव्हान्स २,००० रुपये, आज रात्री ९ पर्यंत. समुद्र किंवा वारा खराब असेल तर ट्रिप रद्द करायचा निर्णय आमचा. तेव्हा पुढची तारीख घ्या किंवा पूर्ण पैसे परत. तुम्ही ३ दिवस आधी रद्द केलं तर ॲडव्हान्स परत, त्यानंतर नाही. मासा लागेलच अशी खात्री देत नाही, प्रयत्न पूर्ण करू."*

या मेसेजमध्ये सहा गोष्टी आहेत, मोजा:

- वेळ, आणि तीच वेळ का
- दर कशाचा: बोटीचा की माणशी
- दरात काय आहे, काय नाही
- ॲडव्हान्स किती आणि कधीपर्यंत
- रद्द झालं तर कुणाचं काय
- कशाची खात्री नाही

दुसऱ्या मुद्द्यावर भांडणं फार होतात. उथळ पाण्यातल्या होडीत एक गाईड आणि साधारण दोनच गिऱ्हाइकं असतात, आणि दर पूर्ण बोटीचा असतो. एक आला काय नि दोन आले काय, गाईडचा दिवस तेवढाच जातो. तुमचा खर्च माणसागणिक वाढत नसेल तर दर माणशी लावू नका. पाच जणांचं बुकिंग करून तिघेच आले तर तोटा तुमचा होतो.

हवा बिघडली तर?

हा मुद्दा पैशाच्या पलीकडचा आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

२१ मे २०२४ रोजी उजनी धरणात, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला. ती पर्यटनाची बोट नव्हती, रोजच्या जाण्यायेण्याची होती. पण आपल्या शेजारच्या पाण्यात वारा काय करू शकतो, हे सगळ्यांनी पाहिलं.

आता विचार करा. पाहुणे चारशे किलोमीटरवरून आलेत, पैसे ठरलेत, वारा सुटलाय. पाहुणे म्हणतात, "इतक्या लांबून आलोय, जरा तरी फिरवा." नियम आधी लिहिलेला नसेल तर होडीवाल्याला दोनच रस्ते दिसतात: दिवसाचा धंदा सोडायचा नाहीतर होडी काढायची. ज्याच्या घरी हप्ता थकलाय, तो कोणता रस्ता धरेल? नियम लिहिलेला असेल तर तो मोबाईल काढून दाखवतो, "आधीच सांगितलं होतं. पुढची तारीख घ्या, नाहीतर हे तुमचे पैसे." एका ओळीने भांडण टळतं, आणि कधी जीवही वाचतो.

म्हणून खराब हवेसाठी थोडी रक्कम दर महिन्याला बाजूला ठेवा. दुकानदार मालाच्या तुटफुटीचा हिशोब धरतो, तसाच हा धरायचा. ज्याच्या गल्ल्यात परत द्यायला पैसे आहेत, तोच खराब हवेत छातीठोकपणे "नाही" म्हणू शकतो.

आता धाराशिवला या

नळदुर्गचा किल्ला घ्या. पावसाळ्यात लोक नर-मादी धबधबा बघायला गर्दी करतात. पण बोरी नदीवरचं धरण भरून सांडव्यावरून पाणी आलं तरच धबधबा पडतो. उद्या तुम्ही पुण्याच्या पाहुण्यांसाठी नळदुर्ग, तुळजापूर, तेर अशी दोन दिवसांची सहल काढली आणि जाहिरातीत धबधब्याचा फोटो मोठा लावला, तर तुम्ही मासा विकलात. पाणी नसेल तर पाहुणा तोंडावर बोलणार, "फसवलं." त्याऐवजी किल्ला, पाणीमहाल, इतिहास सांगणारा माणूस आणि दुपारचं ज्वारीची भाकरी-पिठल्याचं जेवण विका. धबधबा मिळाला तर वरचा आनंद.

जे आपल्या हातात आहे तेच विकायचं, हा नियम सगळीकडे लागतो. क्लासवाल्याने नोकरीची गॅरंटी विकू नये. शेततळ्याचं काम घेणाऱ्याने पाऊस विकू नये. हळदीचा, लग्नाचा फोटोग्राफर "व्हायरल रील" विकत असेल तर तोही मासाच विकतोय.

"सर, ॲडव्हान्स मागितला की गिऱ्हाईक पळतं"

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. खरं आहे, काही पळतात. पण जो ५०० रुपये द्यायला तयार नाही, तो त्या दिवशी येणारच होता, हे कशावरून?

तरी दुसरी बाजूही धरून चाला. ॲडव्हान्स म्हणजे गिऱ्हाइकाची मान पकडायचं साधन होऊ नये. सगळी रक्कम आधी मागायची, स्वतः रद्द केलं तर फोन उचलायचा नाही, पावती द्यायची नाही, असे धंदेवाले आहेत, आणि त्यांच्यामुळेच बाकीच्यांना ॲडव्हान्स मागायला जड जातं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवाही येते, अवाजवी अनामत मागणंही येतं आणि बिल न देणंही अनुचित प्रथेत धरलंय. माझा हिशोब साधा आहे: गिऱ्हाईक आलं नाही तर त्या दिवसाचा बुडणारा खर्च जेवढा, तेवढाच ॲडव्हान्स. वरच्या उदाहरणात तो २,००० आहे. त्याच्या वर मागाल तर कारण सांगा. आणि तुमच्या बाजूने रद्द झालं तर गिऱ्हाइकाने मागायच्या आत पैसे परत पाठवा. तो माणूस दहा जणांना सांगतो.

या आठवड्याचं काम

वही घ्या. तुमच्या धंद्यात "मासा" कोणता, म्हणजे तुमच्या हातात नसलेली पण तुम्ही जाहिरातीत सांगत असलेली गोष्ट कोणती, ते एका ओळीत लिहा. त्याखाली तुमचा "दिवस" लिहा, म्हणजे जे तुम्ही नक्की देऊ शकता ते. मग वरच्या सहा मुद्द्यांवरून तुमचा बुकिंग मेसेज तयार करा आणि मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. पुढचं गिऱ्हाईक फोन करेल, तेव्हा बोलणं संपल्यावर पाच मिनिटांच्या आत तो पाठवा.

पहिल्यांदा पाठवताना हात जरा थरथरेल. चौथ्यांदा सवय होईल. भेटू पुढच्या व्हिडिओत, विषय आहे उधारीची वही.