भूमिपुत्र कोण ठरवणार?

बेटावरचा माणूस बोटीकडं बघत असतो. कोण उतरलं, कुठून आलं, किती दिवस टिकणार? म्हणून बेटांच्या बोलीत उपऱ्याला खास शब्द सापडतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलँड बेटं आहेत. तिथं बाहेरून आलेला तो ‘सूथमूदर’, कारण लेरविक बंदरात बोट दक्षिणेच्या तोंडातून शिरते. शेजारच्या ऑर्कनीत ‘फेरीलाउपर’, फेरीबोटीतून उडी मारलेला. आम्हा गोदीवाल्यांना असली चेष्टा कळते. पाळीवर रोज चालते.

पण दोस्तहो, शब्द जमिनीला चिकटला की चेष्टा संपते. हवाई बेटांचं बघा. तिथल्या बोलीत नवा आलेला तो ‘मालिहिनी’. परका, आणि पुढं गोरा, तो ‘हाओले’. मूळचा तो ‘कामाआइना’. कामा म्हंजे लेकरू, आइना म्हंजे जमीन. आपला भूमिपुत्रच की!

मग झालं काय? अमेरिकन मिशनरी आणि व्यापाऱ्यांच्या वारसांनी ऊसमळे बळकावले. १८९३ साली राणी लिलिउओकलानीला गादीवरून खेचलं. १८९८ साली बेटं अमेरिकेच्या घशात गेली. आणि हीच मळेवाली घराणी कामाआइना म्हणून मिरवू लागली. जमीन ज्याच्या हातात, तोच जमिनीचा लेक!

राबायला माणसं आणली चीनमधून, जपानमधून, पोर्तुगालच्या बेटांवरून, फिलिपिन्समधून. वस्त्या वेगळ्या, मजुरी वेगळी. डोक्यावर ‘लुना’, म्हंजे मुकादम. १९०९ साली जपानी मजूर एकटेच संपावर गेले. मालकांनी दुसऱ्या वंशांचे मजूर लावून संप मोडला. १९४६ साली सगळे एका युनियनखाली उभे राहिले, ७९ दिवस लढले आणि जिंकले. १९४९ साली त्याच युनियनच्या दोनेक हजार गोदी कामगारांनी जवळपास सहा महिने बंदरं रोखली, मजुरी वाढवून घेतली.

मूळ हवाई माणसाचा राग खरा आहे. त्याची जमीन गेली. पण ती ऊसतोड्यानं नेली नाही. उलट आज तिथं जी पिजिन बोली ऐकू येते, ती याच मळ्यांवर घडली, नाना मुलखांच्या मजुरांच्या तोंडी.

मुंबईसुद्धा सात बेटांचीच. इथं आपल्याला चिकटलेला शब्द ‘घाटी’. बापजादे गोदीत, गिरणीत पाठ मोडून मेले, तरी घाटी. त्याआधी गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, तरी वेशीबाहेरचे. गावात जुने असून बाहेरचे, शहरात राबून बाहेरचे. आणि आता आपलीच काही पोरं बिहारच्या हमालाला ‘भय्या’ म्हणून हुसकायला निघतात. तोंडात काय, तर भूमिपुत्र! अरे, कुठली भूमी? सातबाऱ्यावर तुझं नाव दाखव. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उठले. विटा याच हमालानं वाहिल्या, मालकी तिसऱ्याचीच. ना त्याची, ना तुझी.

घाटी म्हंजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तोच डाग दुसऱ्याच्या कपाळी लावून आपण बेटाचे होणार नाही. मालकांना तेच हवंय, साले हसत बसतील. तेव्हा पाठीवर पोतं असलेल्याला ‘तू कुठला’ विचारू नका. ज्याच्या नावावर जमीन चढतेय, त्याची कॉलर धरून विचारा.