त्या रिळातली बाई

देवळाली कॅम्पकडून भगूरला जाताना वाटेत आमच्या एका बचत गटाची बैठक भरते. ज्यांच्या ओट्यावर आम्ही बसतो त्या आजी नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांचे वडील मराठा पलटणीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला जपान्यांना आठवडाभर थोपवून धरलं, त्या लढाईत ते गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही. एक पदक आहे, आणि नातवाने कुठूनसा छापून आणलेला एक कागद. रंगूनजवळच्या युद्धस्मारकावर जवळपास सत्तावीस हजार नावं कोरलेली आहेत, त्यात यांचं एक.

मागच्या बैठकीला माझा मुलगा मला सोडायला आला होता. आजींनी वडिलांचा विषय काढला, तसं त्याने मोबाइलवर शोधून अमेरिकी लष्कराने त्या काळी घेतलेली चित्रफीत लावून दिली. आसामातल्या लेडोहून चीनकडे नेलेला रस्ता, चिखलात रुतलेले ट्रक, हसणारे गोरे सैनिक आणि कडेला पाट्या वाहणारे आपल्यासारखे मजूर. चित्राला आवाज नव्हता. देवळालीच्या तोफखान्याचा सराव चालू होता, तेवढाच काय तो दणका बाहेरून येत होता. आजींनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "ताई, ह्यात आपली माणसं कुठंयत?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर मात्र मी चार-पाच रात्री जेवणं उरकली की ही रिळं बघत बसले. अमेरिकी सरकारने काढलेल्या चित्रफितींवर तिकडे कुणाचा मालकी हक्क नसतो, म्हणून त्या कुणालाही बघता येतात. पॅसिफिकमधल्या बेटांवर सैनिकांबरोबर कॅमेरामनही उतरत. १९४३ च्या नोव्हेंबरात तारावाच्या लढाईत टिपलेल्या दृश्यांच्या माहितीपटाला पुढे ऑस्कर मिळालं. त्यात अमेरिकी सैनिकांचे मृतदेह दिसतात. ते लोकांना दाखवावेत की नाही, हा प्रश्न थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेला आणि त्यांनी होकार दिला तेव्हाच चित्रपट बाहेर आला.

पुढच्या वर्षी, जुलै १९४४ मध्ये, सायपान बेटावर अशाच कॅमेऱ्याने एक बाई टिपली. अमेरिकन हालहाल करून मारतील, असं जपानी लष्कराने लोकांच्या मनात भरवलं होतं. बेटाच्या टोकाच्या कड्यावरून शेकडो माणसांनी, लेकरांना घेऊन बायांनी, समुद्रात उड्या टाकल्या. त्यातली ही एक. काही सेकंदांचं दृश्य आहे. मी ते एकदाच पाहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला. पुढे किती माहितीपटांत तिची उडी दाखवली गेली, पण नाव नाही. सैनिकाचा मृतदेह दाखवायला राष्ट्राध्यक्षांना विचारावं लागलं. हिच्यासाठी कुणाला विचारलं? विचारणार तरी कुणाला, म्हणा.

मग असली दृश्यं दाखवूच नयेत का? आमच्या गटातली एक जण म्हणाली, "आधी नळाला पाणी येतंय का ते बघा, हे कुठलं काढलंत!" आमच्या घरातूनही "दुसऱ्यांची युद्धं" असा शेरा आलाच. मला मात्र ती दाखवावीत असंच वाटतं, आणि ते ओकिनावाच्या लोकांमुळे. १९४५ च्या लढाईत त्या बेटांवरची लाखाहून अधिक माणसं गेली. त्या लढाईच्या चित्रफिती अमेरिकेत होत्या. १९८३ साली तिथल्या सामान्य लोकांनी एक चळवळ काढली. एका माणसाने शंभर येन द्यायचे, त्यात एक फूट फिल्म विकत घ्यायची. फूट फूट करत त्यांनी आपलीच चित्रं परत आणली आणि शाळांमधून, सभागृहांतून दाखवली. ही चळवळ २०१३ पर्यंत चालली. लढाईच्या शेवटी पांढरं निशाण घेऊन शरण आलेली एक लहानगी मुलगी त्या चित्रणात आहे. पुढे ती मुलगी, तोमिको हिगा, स्वतःच समोर आली आणि 'ही मीच' म्हणाली. १९८९ मध्ये तिचं पुस्तकही निघालं. लोकांनी चित्रं मागवली, तेव्हा कुठे त्यातल्या चेहऱ्यांना ओळख सांगणारं कुणी भेटलं.

आपल्याकडे काय झालं? १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला. शेकडो माणसं मेली, अग्निशमन दलाचेच ६६ जवान गेले. सुधीश घटक या कॅमेरामनने त्याचं चित्रण केलं, तर ते लष्कराने जप्त केलं. काही भाग लोकांना दाखवला तो नंतर. आम्हा नाशिककरांना तर रिळाची किंमत वेगळी सांगायला नको. दादासाहेब फाळके इथेच, त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले, आणि त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची चारांपैकी दोनच रिळं आज हाती आहेत.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश लष्कराच्या चित्रपथकानेही खूप चित्रण केलं. ते लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. त्यातलं मराठा पलटणींचं चित्रण मागवून ज्या गावांतून ती पोरं गेली तिथल्या शाळांत दाखवायला सरकारला कितीसा खर्च येईल? पुतळ्यांना निघतात की पैसे! पण हे आत्ताच करायला हवं. आमच्या आजींसारखी, ज्यांनी ते चेहरे डोळ्यांनी पाहिलेत अशी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. ती गेल्यावर पडद्यावर नुसते टोप्या घातलेले शिपाई दिसतील.

मी आजींना म्हटलं, तुम्ही तर तेव्हा नऊ वर्षांच्या, चेहरा आठवतो का? "चेहरा नाही गं," त्या म्हणाल्या. "पण आमचे दादा डावा खांदा पाडून चालायचे. चालतानाचं लाव. मी ओळखीन."

पुढच्या बैठकीला मोठ्या पडद्याचा लॅपटॉप आण, म्हणून मुलाला सांगून ठेवलंय.