वेट म्हणजे ओलं

आमच्या महिला मंडळाच्या गेल्या बैठकीत एक ठराव आला. बस्तीमागच्या सभागृहात आठवड्यातून तीन संध्याकाळी, चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी फोनिक्सचा क्लास भरवायचा. शिकवणाऱ्या बाईंकडून भाडं नावापुरतं घ्यायचं, त्या बदल्यात समाजाच्या मुलांना फीमध्ये सवलत. एकोणीस जणींनी हात वर केले. मी केला नाही. "तुम्ही बी.ए. झालेल्या, लिहिणाऱ्या, आणि मुलांच्या शिकण्याला तुमचाच विरोध?" असं अध्यक्षबाईंनी विचारलं. तेवढ्यात चहा आला, विषय बर्शीवर आणि तिथून कुणाच्या तरी साखरपुड्यावर गेला, आणि माझं उत्तर राहून गेलं. ते आता देते.

आधी एक कबुली. फोनिक्स वाईट आहे असं मी म्हणत नाही. अक्षराचं नाव एक आणि त्याचा आवाज दुसरा, ही इंग्रजीची रीतच आहे. 'सी', 'ए', 'टी' असं शंभर वेळा म्हटलं तरी त्यातून 'कॅट' निघत नाही. आम्ही स्पेलिंगं घोकली, छड्या खाल्ल्या आणि तरीही 'नाइफ'मधला 'के' कुठे जातो ते कुणी सांगितलं नाही. २६ अक्षरं आणि ४४च्या आसपास आवाज, अशा भाषेत मुलाला आवाजाकडून अक्षराकडे नेणं शहाणपणाचंच आहे. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीतल्या मुलांची याच गोष्टीची सरकारी चाचणी होते. ४० शब्द वाचायला देतात. त्यातले २० खरे आणि २० चक्क खोटे, कुठल्याही कोशात नसलेले. खोट्या शब्दाशेजारी एका विचित्र प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मुलाला कळावं की हा शब्द खरा नाही. मूल पाठांतरावर चाललंय की खरंच आवाज जुळवतंय, ते त्यातून समजतं. चांगली युक्ती आहे.

पण ते मूल कोण? जन्मल्यापासून पाच-सहा वर्षं ज्याच्या कानावर इंग्रजी पडलंय ते. आजी इंग्रजीत रागावते, दूधवाला इंग्रजीत बोलतो. 'मि-ल्-क' असे आवाज जोडले की त्याचा कान म्हणतो, अरे, हे तर दूध! ते २० खरे शब्द त्याला ओळखीचे म्हणून भेटतात. आपलं मूल त्याच बाकावर बसवा. त्याला ४०च्या ४० शब्द खोटेच आहेत, आणि शेजारी चित्रही नाही.

माझी नात पाच वर्षांची. टिळकवाडीत एका क्लासला जाते, महिन्याला १,८०० रुपये. घरी येऊन कार्डं वाचून दाखवते. एक दिवस खडखडीत वाचलं, "द वेट इज इन द वॅन." सुनेला कोण आनंद! टाळ्या झाल्या, व्हिडिओ झाला, तो तिच्या माहेरच्या ग्रुपवर गेला. मी सहज विचारलं, "बाळा, काय आहे गं व्हॅनमध्ये?" ती म्हणाली, "वेट म्हणजे ओलं. पाऊस पडला ना, व्हॅन ओली झाली." गुरांचा डॉक्टर तिच्या जगात नाही. आपल्या तोंडात 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकच, तेव्हा कानानेही मदत केली नाही. बिचारीने स्वतःच्या अकलेने अर्थ लावला आणि तो चांगलाच लावला. पण क्लासच्या वहीत त्या ओळीपुढे तारा चिकटवलेला होता. डॉक्टर आहे की पाऊस आहे, हे तिथे कुणी विचारलंच नव्हतं.

याला मी वाचणं म्हणत नाही.

लगेच कुणीतरी म्हणेल, तुम्ही तर तीन वर्षांच्या पोरांकडून णमोकार मंत्र म्हणवून घेता, त्यांना कुठे प्राकृत कळतं? बरोबर आहे. पण त्याला आपण पाठांतर म्हणतो. ते संस्कारासाठी असतं, सुरासाठी असतं, आणि त्याचं 'रीडिंग लेव्हल टू' असं सर्टिफिकेट आपण देत नाही.

आता आपल्या लिपीविषयी. आपण जसं बोलतो तसंच लिहितो, ही आपली नेहमीची बढाई. ती पुरती खरी नाही. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च एक आहे का? म्हणून पाहा. 'जीव' आणि 'जरा'? अक्षर एक, आवाज दोन. 'कमळ' लिहिताना ळ पूर्ण, बोलताना अर्धा तोडलेला. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी क-च्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर. र-ची तर सोंगं विचारू नका. सूर्यात तो डोक्यावर बसतो, चक्रात पायाशी जातो. एवढी गुंतागुंत असून आपली मुलं च-पाशी अडत का नाहीत? 'चमचा' हा शब्द त्यांच्या कानात, हातात, तोंडात आधीपासून आहे म्हणून. अक्षर जिथे कमी पडतं तिथे कान पूर्ण करतो. अक्षराने फक्त खूण करायची असते, आणि खूण कळायला माणूस ओळखीचा लागतो.

फोनिक्सवाल्यांचीच एक हुशारी घेते. जॉली फोनिक्स ही त्यांची गाजलेली पद्धत. तिच्यात ४२ आवाज शिकवतात आणि सुरुवात 'ए'पासून न करता एस, ए, टी, आय, पी, एन या सहांपासून करतात, कारण तेवढ्यातून पुष्कळ छोटे शब्द जमतात. छान. मी तेच मराठीत केलं. क, म, न आणि एक काना. बस्स. नाक, कान, मान, काम, मामा, काका, नाना, मका, कमान. हरभऱ्याच्या डाळीने ताटात अक्षरं काढली. यातला एकही शब्द नातीला समजावून सांगावा लागला नाही. 'नाक' जुळलं तेव्हा तिने आधी माझं नाक पकडलं आणि मग ओरडली. त्या सहा इंग्रजी अक्षरांतून निघालेल्या शब्दांत तिच्या ओळखीचे पिन आणि पॅन. 'सिप' आणि 'निप' घरात कोण म्हणतं?

सगळं गोड झालं असं नाही. वेलांटीपाशी ती आठ दिवस रुसली. जोडाक्षरं अजून यायची आहेत, 'स्वयंपाक' आला की ती पुस्तक मिटते. शिवाय शाळेत कानडी आहेच. पण गंमत बघा, बाराखडीला कानडीत 'कागुणित' म्हणतात आणि तिची शिडी तीच: का, कि, की, कु, कू. मराठीत क-ला काना लावून झालेला होता, म्हणून कानडीचा 'का' तिने फक्त वेगळा कपडा घातलेला म्हणून ओळखला. बेळगावात राहून मी भाषांचं भांडण लावत नाही. ते लावणारे पुष्कळ आहेत. दोन्ही शिकाव्यात, इंग्रजीही शिकावी. माझं भांडण क्रमाशी आहे.

आणि शिकवणाऱ्यांशीही थोडं आहे. दोन-तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून दारावर पाटी लावतात. इंग्रजी 'पी'चा आवाज नुसता ओठ उघडण्याचा असतो, पुढे 'अ' नसतो. आपल्या व्यंजनात 'अ' मिसळलेलाच असतो, म्हणून बाई शिकवतात 'प-अॅ-ट', आणि पोर ते जोडून 'पअॅट' म्हणतं. मग पोरगं मठ्ठ! पाच वर्षांच्या मुलाला 'स्लो' म्हणून घरी निरोप येतो, आई रात्री रडते आणि दुसऱ्या दिवशी आणखी एका तासाची फी भरते. ही आई आपल्यातलीच कुणीतरी असते, हे हात वर करताना लक्षात ठेवायला हवं होतं. शाळेने जे वर्गात करायचं ते क्लासवर ढकललं, क्लासने आईवर ढकललं. बाबा फक्त व्हिडिओ पाहतात.

सगळ्यांत मला राग कशाचा आला ते सांगते. क्लासच्या बाईंनी सुनेला सांगितलं, "घरी मराठी कमी करा, मूल कन्फ्यूज होतं." तेव्हापासून आमच्या घरात "कम, ईट, वॉश हँड, डोन्ट टच" सुरू झालं. सुनेचं इंग्रजी माझ्यासारखंच, परीक्षेपुरतं. त्या इंग्रजीत रागावता येतं, हुकूम देता येतो. काऊ-चिऊचं मेणाचं घर का वाचलं, पर्युषणात कंदमुळं का नाहीत, दूधवाल्याची म्हैस का आजारी पडली, हे त्या इंग्रजीत सांगता येत नाही. म्हणजे मुलीच्या कानात रोज जे शंभर शब्द पडायचे ते वीसवर आले. आणि शब्दच नसले तर आवाज जोडून पोहोचायचं कुठे? म्हैस आजारी पडल्याची गोष्ट झाली असती, तर गुरांचा डॉक्टर तरी तिला कळला असता.

"मराठी काय, ती येतेच." हे वाक्य बैठकीत तिघींनी म्हटलं. बोलता येते, बायांनो. वाचता येत नाही. मी हे माझ्या घरच्या चुकीवरून सांगते. मुलीला मी हौसेने इंग्रजी शाळेत घातलं आणि मराठी 'येतेच' म्हणून सोडून दिली. आज ती बंगळुरात मोठ्या पगारावर आहे. माझ्या आईची चातुर्मासाच्या पदार्थांची वही मी तिला दिली. भाजणीचं माप, सांडग्यांचं माप, कशाला किती दिवसांची मर्यादा, सगळं आईच्या हातचं. मुलगी पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवते आणि मी वाचून आवाज रेकॉर्ड करून परत पाठवते. तिला अक्षरं लागतात, पण दोन ओळींत दम लागतो, मग कंटाळा येतो. मी आहे तोवर हे चालेल. त्या वहीचं ८० पानांचं रेकॉर्डिंग करून ठेवावं का, असा विचारही मनात येऊन गेला, आणि मला माझीच लाज वाटली.

इंग्रजी शाळेत टिकायचं तर फोनिक्स हवंच, असं म्हणाल. हवं असेल तर घ्या. सहाव्या वर्षी घ्या, सातव्या वर्षी घ्या. एका लिपीत आवाज आणि अक्षर यांचं लग्न कसं लागतं हे मुलाला कळलं की दुसरीत ते समजायला उशीर लागत नाही. तोवर इंग्रजी कानाने शिकवा, गाणी म्हणा, गोष्टी ऐकवा, 'व्हेट'चं चित्र दाखवा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं लिहिलंय. पण धोरण दिल्लीत राहतं आणि क्लास गल्लीत.

आदिपुराणातली कथा आपण पाठशाळेत दरवर्षी सांगतो. आदिनाथांनी ब्राह्मीला लिपी शिकवली, सुंदरीला अंक शिकवले. मुलींना, आणि स्वतः जवळ बसवून. आपण नाटकात पोरींना ब्राह्मीची पांढरी साडी नेसवतो आणि घरी आल्यावर अक्षरओळखीसाठी दुसरीकडे पाठवतो.

ठराव मंजूर झालाय, मला माहीत आहे. पण सभागृहाची किल्ली या वर्षी माझ्याकडे आहे आणि पुढच्या बुधवारी त्या बाई डेमो द्यायला येणार आहेत. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. त्या मुलांकडून कार्डं वाचून घेतील, टाळ्या होतील. मग मी प्रत्येक मुलाला एकच विचारणार आहे, "काय वाचलंस ते मला तुझ्या भाषेत सांग." तुम्ही एकोणीस जणी तिथे असाच. मुलं काय सांगतात ते ऐका आणि मग भाड्याचं ठरवू. त्याच खोलीत उरलेल्या तीन संध्याकाळी अंकलिपी घेऊन मी बसायला तयार आहे, फी नाही, फक्त सतरंजी कुणीतरी घालावी. माझे गुडघे दुखतात.