दारफाळणी



'दारफाळणी' हा शब्द कधी ऐकलाय? आजी-आजोबांना विचारून बघा, त्यांनाही बहुधा ठाऊक नसेल. पण शब्द आहे अस्सल मराठी आणि आपल्याच मुंबईतल्या माणसांचा.

मस्जिद स्टेशनजवळ सॅम्युएल स्ट्रीटवर बेने इस्रायल समाजाचं प्रार्थनास्थळ आहे. १७९६ साली त्याची स्थापना सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी केली. हे लोक धर्मानं ज्यू, पण शेकडो वर्षं कोकणात राहिलेले, मराठी बोलणारे. आडनावंसुद्धा दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी! तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. प्रार्थनास्थळाला ते मशीदच म्हणायचे. स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि पुढच्या काळात यातली बरीचशी कुटुंबं तिकडे गेली. थोडी इथेच राहिली.

सणांनाही त्यांनी मराठी नावं दिली होती. नवीन वर्षाचा तो 'नव्याचा सण'. होळीच्या सुमाराला येतो तो 'होळीचा सण'. एका उपवासाशी वालाचं बिरडं जोडलेलं, म्हणून तो चक्क 'बिरड्याचा सण'. (हा गिरगावातल्या पुष्कळ घरांत खपेल!)

त्यांचे महिने चंद्रावर चालतात आणि आपल्यासारखाच त्यांच्यातही अधिक महिना असतो. त्यामुळे सण जवळजवळ येतात. दारफाळणी तर २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी दसऱ्याच्याच दिवशी आली.

दारफाळणी म्हणजे दार बंद करण्याचा दिवस. पूर्वी त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून कडक उपवास करायचे आणि वर्षभरातल्या चुकांची देवाकडे क्षमा मागायचे. मात्र त्यांच्या जुन्या शिकवणीत एक अट आहे. तुम्ही एखाद्या माणसाला दुखावलं असेल, तर आधी त्याची समजूत काढा. तोवर देवाकडे मागून उपयोग नाही.

वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, आमच्या घरी देवाचं काहीच करत नाहीत. मग मी हा सण केला तर चालेल?"

पालकहो, प्रश्न तुमच्यासाठीही आहे. मला वाटतं, दुसऱ्याच्या प्रार्थनेची नक्कल करू नये. ती ज्याची त्याची. पण माफी मागायला देव मानावाच लागतो, असं कुठंय?

म्हणून आम्ही वर्गात फक्त चिठ्ठ्या लिहिल्या. 'तुझा खोडरबर मीच घेतला होता.' 'तुला जाड्या म्हणालो, परत नाही म्हणणार.' सही करायची आणि ज्याची त्याच्या हातात द्यायची. बाईंना दाखवायची नाही! (ही दोन वाक्यं मुलांनी आपणहून सांगितली.)

दुसऱ्या दिवसाला ते 'शिळा सण' म्हणत. त्या दिवशी गोरगरिबांना दान द्यायचं, एकमेकांकडे जायचं. आम्ही त्या दिवशी खाऊ केला: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर केळ्याच्या चकत्या. गॅस लागत नाही. असेच पोहे बेने इस्रायल घरांत प्रार्थना करून वाटतात, त्याला मलिदा म्हणतात. आम्ही प्रार्थना केली नव्हती, म्हणून आमचे ते नुसते गोड पोहे.

दोघांच्या चिठ्ठ्या अजून दप्तरातच आहेत. मी विचारलेलं नाही.